सव्वीस नंबरचा अंगठा

१

प्रयोगशाळेचा फोन आला तेव्हा वनमालाबाईंचं बिस्कीट चहात बुडलेलं होतं. फोन संपेपर्यंत ते विरघळून तळाला गेलं, आणि बाईंना त्याचं भानही राहिलं नाही.

"मंजुषा, खडकेवाडीची वही काढ. सव्वीस नंबर कोण आहे?"

"काय झालं, मॅडम?"

"रक्त चार पॉइंट नऊ. बाईच्या अंगात बारा तरी हवं. एवढ्याशा रक्तावर ती चालती-बोलती कशी राहिली, देव जाणे. तिला आजच्या आज दवाखान्यात न्यायला हवं."

एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून राबल्यावर माणसानं घरी बसून लोणची घालावीत. पण वनमालाबाईंच्या पायाला भिंगरी. निवृत्तीनंतर सहा महिन्यांत त्या पुण्याच्या एका संस्थेच्या कामाला लागल्या आणि माजलगावच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात पर्यवेक्षक होऊन बसल्या. बसल्या म्हणायचं एवढंच; खुर्ची त्यांना टोचायची. अभ्यास होता ऊसतोडीहून परतलेल्या बायकांचा. हंगाम संपवून बाई घरी येते तेव्हा तिच्या अंगात रक्त किती उरतं, हा त्यातला मोठा प्रश्न.

संस्थेचा एक नियम फार कडक होता. कुणाचं दुखणं गावभर होऊ नये म्हणून रक्ताच्या बाटलीवर नाव नाही, संमतीच्या कागदावर नाव नाही. दोन्हीवर फक्त नंबर. कोणता नंबर कुणाचा, हे एकाच वहीत. ती वही मंजुषाकडे. मंजुषा गावोगाव फिरून रक्त घेणारी, माहिती भरणारी पोरगी; कामाला वाघ, पण घाईची.

ती वही उलटत गेली आणि थांबली. पुन्हा मागे आली. तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, एकवीस ते तीसचं पान नाही."

वनमालाबाईंनी वही हिसकावलीच. वीस नंबर होता, एकतीस होता. मधलं पान कुणीतरी काढून नेलं होतं. शिलाईपाशी बोटभर कड उरली होती, आणि ती कड सरळ होती. दातेरी नाही, फाटकी नाही. बाईंनी तिच्यावरून नख फिरवलं.

"शिबिराच्या दिवशी वही कुठं होती?"

"माझ्याजवळच. फक्त जेवणाच्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात टेबलावर राहिली. अर्धा तास." मंजुषाच्या डोळ्यांत पाणी आलं. "परवा तर झालं शिबिर! कुणाला काय करायचंय त्या पानाचं?"

सव्वीस नंबरचा संमतीचा कागद तेवढा जागेवर होता. सहीच्या चौकटीत निळा अंगठा. अंगठा कसला, शाईचा नुसता डाग. एक रेघ उमटलेली नाही.

"कोयता धरून आणि मोळ्या बांधून बायकांचे असेच होतात," मंजुषा म्हणाली. "रेशनच्या मशीनवरसुद्धा उमटत नाहीत."

पुण्याहून प्रकल्पाचे प्रमुख डॉक्टर अमरसिंह फोनवर शांतपणे म्हणाले, "नमुना खराब झाला असेल. पुढच्या आठवड्यात सगळ्यांचं परत घ्या."

"पुढचा आठवडा तिला दिसायला हवा ना, सर," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

२

दिंद्रुडच्या पुढं डांबर संपतं आणि जीप हाडं मोजायला लागते. एप्रिलचं ऊन चढलं होतं. वनमालाबाई पुढच्या सीटवर बसून मनात माणसं मोजत होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्या टेबलाजवळ कोण कोण फिरलं? एक मंजुषा स्वतः. दुसरा मुकादम भागवत, ज्यानं बायकांना गोळा करून आणलं होतं. तिसरे सुंदरराव गुरुजी, ज्यांच्या शाळेत शिबिर झालं. बाकी रांगेतल्या चाळीस बायका, डोक्यावरून पदर घेतलेल्या.

"तू त्या दिवशी लोकांपुढं काय बोलली होतीस?"

"नेहमीचंच. तुमचं नाव गुपित राहील. आणि यादीतल्या प्रत्येक घरी आम्ही परत येणार, मुलं हंगामात कुठं होती ते विचारणार, शाळेच्या हजेरीशी ताडून बघणार. अभ्यासाचा दुसरा भाग तोच आहे ना."

"हं," बाई म्हणाल्या.

भागवत मुकादम पिंपळाच्या पारावर भेटला. पांढरी टोपी, वरच्या खिशाला दोन मोबाईल, आणि तोंडात तंबाखू. टोळीतलं माणूस आजारी म्हणून कागदावर आलं तर पुढच्या हंगामाला कारखाना कुरकुरतो. म्हणजे पान फाडायला याच्याकडं कारण होतं.

"पान? मी कावून फाडू, बाई?" तो हसला. "आमाला लिवायचंच जड जातं, तुमचं फाडायला कुठं जाऊ?"

"तुम्ही बायकांना हाका कशा मारल्या?"

"ह्या वहीतनं." त्यानं खिशातून मळकट वही काढून सरळ बाईंच्या हातात दिली. तिची निम्मी पानं फाटलेली, कडांना उंदरानं कुरतडल्यासारखे दाते. दिसेल त्याला चिठ्ठी फाडून द्यायची त्याची सवय दिसत होती.

वहीत एकाही बाईचं नाव नव्हतं. ओळीनं पुरुषच होते.

"नवरा-बायको मिळून एक कोयता," भागवतनं समजावलं. "एकानं तोडायचं, एकानं मोळी बांधायची. जोडी पायजे. एकट्याला कुणी उभं करत न्हाई. मी हाक मारली, अमक्याचा कोयता! की त्याच्यातली बाई म्होरं आली."

मंजुषा ओशाळून म्हणाली, "आणि मी मतदार यादीत त्या माणसाच्या बायकोचं नाव बघून वहीत लिहायचे. मुकादमांची घाई होती, रक्त मोजायच्या मशीनचे सेल गेले होते, म्हणून रक्त बाटलीत घेऊन पाठवलं."

वनमालाबाईंनी ओळी मोजल्या. सव्विसावा कोयता: उत्तरेश्वर.

"उत्तरेश्वरबरोबर औंदा कोण होतं?"

भागवतनं बाजूला जाऊन पिंक टाकली. पिंक टाकायला लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ लागला.

"त्याची बायकोच की. भिवराबाई. आनखी कोन असणार?"

३

भिवराबाई दारातच बसली होती. चाळिशीची, बांधेसूद, पण उठताना तिनं उंबऱ्याला हात देऊन कंबर सावरली. उत्तरेश्वर आत भिंतीला टेकून बसला होता. पाहुण्यांना बघून उठला आणि पाणी आणायच्या निमित्तानं मागच्या दारी गेला. तो पाणी घेऊन काही आला नाही.

"ताई, तुमचं रक्त फार कमी आलंय," वनमालाबाईंनी तिचा हात हातात घेतला. "चक्कर येते का? चालताना धाप लागते?"

"मला? न्हाई बा. कंबर तेवढी दुखती."

बाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आत चांगली लाली होती. मंजुषानं बोट टोचलं, मशीनमध्ये नवे सेल होते. दहा पॉइंट आठ.

मंजुषानं सुटकेचा श्वास टाकला. "म्हणजे लॅबचीच चूक! बरं झालं बाई."

वनमालाबाईंना मात्र बरं वाटलं नाही. चार पॉइंट नऊ हे कुणाचं तरी होतंच, आणि ती बाई या घडीला कुठंतरी उन्हात धुणं आपटत असेल.

"नव्या तपासणीच्या कागदावर अंगठा द्या, ताई."

भिवराबाईनं अंगठा दिला. निळी वर्तुळं कशी स्वच्छ उमटली. एकेक रेघ मोजून घ्यावी. बाई त्या कागदाकडं बघत राहिल्या.

"किती दिवस झाले कारखान्यावरनं येऊन?"

"झाले की धा दिस," भिवराबाई पटकन म्हणाली आणि नजर खाली घातली.

निघताना वनमालाबाईंचं लक्ष चुलीमागच्या भिंतीकडं गेलं. मातीची भिंत, पोतेऱ्यानं सारवलेली. पण खाली, बसल्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर, ओंजळभर माती खरवडून निघाली होती. बोटांच्या खुणा ताज्या होत्या.

"हे काय?"

"उंदरं लई झालीत," भिवराबाई म्हणाली.

"घरात आणखी कोण असतं?"

"पोरगी हाय, संस्कृती. नववीला हाय. शाळंत गेलीय, तिचा आज पेपर हाय." पोरीचं नाव घेताना तिचा आवाज मऊ झाला, आणि लगेच घाबराही झाला. "ती हितंच होती, बाई. सा महिने माझ्यापशीच होती. शाळा बुडवली न्हाई तिनं."

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

४

शाळेत पेपर चालू होता. सुंदरराव गुरुजी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. उंच, किडकिडीत, सदऱ्याच्या बाहीला खडूची पूड.

"पान चोरीला गेलं? शाळेतनं?" त्यांनी कपाळाला हात लावला. "बाई, मी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दिंद्रुडला बैठकीला गेलतो. आमच्याकडं चोरी होते ती फक्त खडूची. शपथेवर सांगतो. या महिन्यात पाच पेट्या संपल्या. पाचवीच्या वर्गातली पाटीवरची पेन्सिलसुद्धा शिल्लक राहत न्हाई."

वनमालाबाई चालता चालता थांबल्या.

"खडू कधीपासून जायला लागले?"

"हेच, आठ-धा दिवसांपासून. आधी एवढं नव्हतं."

"गुरुजी, नववीचं हजेरीपत्रक दाखवा."

गुरुजींचा हात सदऱ्याच्या बाहीवर गेला आणि तिथली पूड झटकत राहिला. "ते... कपाटात आहे. पेपर झाल्यावर बघू."

मंजुषानं बाईंकडं बघितलं. तिच्या मते चोर सापडला होता. पण वनमालाबाई खिडकीतून वर्गात बघत होत्या. पहिल्या बाकावरच्या एका पोराला कच्च्या कामाला कागद हवा होता. त्यानं वहीचं पान दुमडलं, नखानं घडी घोटली, घडीवरून जिभेचं टोक फिरवलं आणि पान अलगद ओढलं. कड आली सरळ, सुरीनं कापल्यासारखी.

बाईंनी पिशवीतून वही काढली आणि शिलाईपाशी उरलेली ती बोटभर कड पुन्हा बघितली.

"मंजुषा, जीप दारात आणून उभी कर. ड्रायव्हरला म्हणावं, इंजिन बंद करू नको."

५

भागवत मुकादमही मागोमाग शाळेत येऊन टेकला होता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. वनमालाबाईंनी त्याला आणि गुरुजींना व्हरांड्याच्या टोकाला घेतलं. त्यांचा आवाज हळू होता, पण हात स्वस्थ नव्हते.

"मला वेळ नाही, म्हणून थोडक्यात सांगते. चुकलं तर मध्येच बोला. मुकादम, पान तुम्ही फाडलं नाही. तुम्ही फाडलेल्या पानाला दाते असतात. शिवाय ज्याला सव्वीस नंबर लपवायचा, तो स्वतःची वही उघडून हातात देत नाही. पण तुम्ही खोटं बोललात. भिवराबाई औंदा उसाला गेलीच नाही. सहा महिने कोयता धरलेल्या बाईचा अंगठा असा उमटत नाही." त्यांनी तो स्वच्छ वर्तुळांचा कागद पुढं धरला. "आणि सव्वीस नंबरचा हा बघा. हा अंगठा उसात झिजलाय. मग उत्तरेश्वरच्या कोयत्यात दुसरी कोण होती?"

भागवत खिशातले मोबाईल चाचपायला लागला.

"गुरुजी, पान तुम्हीही फाडलं नाही. तुम्ही त्या वेळी गावात नव्हता. पण हजेरीपत्रक दाखवायला तुम्ही भिता. त्यात सहा महिने एका पोरीची हजेरी लागली आहे, जी इथं नव्हतीच."

सुंदररावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "हंगामाच्या तोंडावर भिवराबाई ट्रॉलीवरनं पडली, कंबर गेली. जोडी मोडली तर उत्तरेश्वरला कुणी घेईना. पोरगी गेली. वर्गात पहिली येणारी पोरगी, बाई! नाव काढलं असतं तर परत शाळेत आली नसती. मी हजेरी मांडत गेलो. धडे मोबाईलवर पाठवत होतो. ती तिथं पाचटाच्या झोपडीत, कोपीत बसून वाचायची."

"आणि शिबिरात उत्तरेश्वरच्या कोयत्याला हाक मारल्यावर तीच पुढं आली, डोक्यावरून पदर घेऊन. कारण कोयता तीच होती. मंजुषानं यादीत बघून आईचं नाव लिहिलं. पोरीला वाचता येतं; तिनं ते वाचलं. सही केली असती तर सापडली असती, म्हणून अंगठा दिला. मग तिनं ऐकलं की आम्ही घरोघर येणार आणि शाळेची हजेरी ताडून बघणार. जेवणाच्या सुट्टीत तिनं पान दुमडलं, जीभ फिरवली आणि काढून घेतलं. अशी पानं शाळेतली पोरं काढतात, मुकादम नाही आणि गुरुजी नाहीत."

"पण तिचंच रक्त कमी, हे कशावरनं?" मंजुषा म्हणाली.

"अंगात रक्त नसलं की माणसाला माती खावीशी वाटते. भिंत खातात, खडू खातात. ती परत आली आणि शाळेतले खडू जायला लागले. तिच्या घरची भिंत मी आत्ता बघून आले. दवाखान्यात अशा बायका मी शेकड्यानं बघितल्यात, आणि तरी हे कळायला मला अर्धा दिवस लागला!" बाईंनी भागवतकडं बघितलं. "अख्ख्या गावाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त आमच्या अभ्यासाला."

भागवतनं टोपी काढली. "शेवटच्या महिन्यात ती मोळी उचलताना दोनदा पडली व्हती," तो खाली बघत म्हणाला. "आमाला वाटलं, ऊन लागलं."

वनमालाबाई वर्गात शिरल्या तेव्हा पेपर सुटायला दहा मिनिटं होती. खिडकीपासून दूर, भिंतीकडच्या बाकावर ती बसली होती. दोन वेण्या, निळा ड्रेस, आणि पिवळट पांढरा चेहरा. ओठांच्या कडेला खडूची पूड. लिहिता लिहिता ती तोंडानं श्वास घेत होती.

बाई तिच्याजवळ वाकल्या. त्यांनी तिची पापणी हळूच खाली ओढली. आत कोऱ्या कागदाचा रंग होता.

"संस्कृती, ऊठ बाळा. गाडी उभी आहे."

पोरीला सगळं एका क्षणात कळलं. तिनं कंपासपेटी उघडली आणि चार घड्या घातलेलं पान बाकावर ठेवलं.

"मी चोरलं. सरांचं काई चुकलं न्हाई. त्यांना काई करू नका." आणि मग, "दोन प्रश्न राह्यलेत. तेवढे लिवू द्या. नापास झाले तर समदं फुकट जाईल."

नर्स म्हणून वनमालाबाईंनी तिला उचलून न्यायला हवं होतं. त्यांच्या बोटांखाली तिची नाडी पळत होती. पण ही पोरगी सहा महिने कोपीत बसून या दोन प्रश्नांसाठीच वाचत होती, हेही त्यांना समजत होतं.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "ती सांगेल, तुम्ही लिहा. पाच मिनिटं. मी नाडी धरून बसते. नाडी बिघडली तर पेपर तिथंच थांबेल."

सुंदरराव तिच्या शेजारी गुडघ्यावर बसले आणि लिहायला लागले. ती दम खात एकेक वाक्य सांगत होती, आणि गुरुजींनी त्यातला एक शब्दही बदलला नाही. बाकी वर्ग पेन खाली ठेवून बघत होता. पाचव्या मिनिटाला संस्कृतीनं "झालं" म्हटलं आणि मान बाईंच्या खांद्यावर टाकली.

६

अंबाजोगाईला पोहोचेपर्यंत मंजुषा मागच्या सीटवर संस्कृतीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. वाटेत मंजुषा एकदाच बोलली. "मी तिचं रक्त घेतलं, मॅडम. हात धरला तिचा. पण तोंड बघितलं नाही."

दवाखान्याच्या आवारात डॉक्टर अमरसिंहांचा फोन आला. हकिकत ऐकून त्यांनी पोरीचं वय विचारलं. मग म्हणाले, "वनमालाबाई, पोरीचं वय सोळा. आपला अभ्यास अठराच्या वरच्यांचा. सव्वीस नंबर वगळावा लागेल."

"वगळा," बाई म्हणाल्या. "पण सर, आपल्याकडं तेरा गावांतले चारशे कागद आहेत. अंगठ्याचे तेवढे बाजूला काढायला मी मंजुषाला आत्ताच सांगितलंय. प्रत्येक अंगठ्याचं तोंड बघून आल्याशिवाय मी तुम्हाला एकही आकडा पाठवणार नाही."

आत बाकड्यावर उत्तरेश्वर आणि भिवराबाई बसले होते. भागवतनंच त्यांना मोटारसायकलवर आणलं होतं. भिवराबाई वनमालाबाईंना बघून उठली आणि पदराचं टोक तोंडात धरून रडायला लागली. "पोरीची शाळा वाचावी म्हून खोटं बोलले हो. तिच्या जिवावर बेतलंय, हे मला कुठं ठावं होतं?"

"पान तिनं फाडलं," बाई म्हणाल्या, "आणि आमचं तिच्यापर्यंत येणं तिनंच बंद करून टाकलं. पण तुमच्या दहा पॉइंट आठनं वाट दाखवली, ताई. तुम्ही बोट पुढं केलं नसतं तर मी परत फिरले असते."

नर्सनं रक्ताची पिशवी आणली. तिच्या गळ्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली होती. सुई टोचायच्या आधी नर्स नियमाप्रमाणं नाव वाचायला लागली, तेवढ्यात संस्कृतीनं हात वर केला.

"मला बघू द्या."

वनमालाबाईंनी पिशवी तिच्या डोळ्यांजवळ धरली. पोरीनं चिठ्ठीवरचं नाव बोट ठेवून वाचलं, पहिलं अक्षर, दुसरं अक्षर, शेवटपर्यंत. मग एकदा आईकडं बघितलं.

"ह्या बारीला माझंच लिवलंय," ती म्हणाली, आणि हात पुढं केला.